व्हॅनभर पुस्तकं आणि एक चिडका शेतकरी

ही कादंबरी माझ्याकडे आली ती थट्टेतून. गेल्या वर्षी दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर सोडायचं ठरलं. भांडीकुंडी, शिवणयंत्र, पितळी हंडे यांची वाटणी दहा मिनिटांत झाली. मग आजीची दोन कपाटं भरून मराठी पुस्तकं कुणी न्यायची, हा प्रश्न मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. ज्या ग्रुपवर पहाटे साडेपाचला गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात येतं, तिथे चार दिवस चिडीचूप. शेवटी इंजिनिअर माणूस जे करेल ते मी केलं. एक्सेल शीट. ४१२ पुस्तकं, लेखक, साल, आणि 'अवस्था' नावाचा एक रकाना: ठीक, बांधणी सुटलेली, वाळवी. शीटला दोन अंगठे मिळाले. एक काका म्हणाले, "अरे, पस्तीवाल्याला बोलव, भाव बरा आहे सध्या." (आम्हा बडोदेकरांच्या तोंडी रद्दीला पस्ती म्हणतात. इतक्या पिढ्या गुजरातेत काढल्यावर एवढं चालायचंच.)

त्याच रात्री हैदराबादच्या मावसबहिणीचा वेगळा मेसेज आला. "दादा, तुझ्यासारखीच एक वेडी स्कॉटलंडात आहे. वाचून बघ." सोबत ई-बुक. कव्हर फिकट रंगांचं, वर गोलगोल अक्षरं. जेनी कोलगन या स्कॉटिश लेखिकेची 'द लिटल शॉप ऑफ हॅपी एव्हर आफ्टर', साल २०१६. अमेरिकेत तीच कादंबरी 'द बुकशॉप ऑन द कॉर्नर' या नावाने निघाली. तिथल्या प्रकाशकाने पुस्तक वाचलं होतं की नाही कोण जाणे, कारण यातलं दुकान चाकांवर आहे आणि कुठल्याच कोपऱ्यावर फार वेळ थांबत नाही.

प्रेमकथा हा माझा प्रांत नाही. माझं वाचन म्हणजे टेक्निकल डॉक्युमेंटेशन, क्वचित एखादी रहस्यकथा आणि दिवाळी अंकांतले व्यंगचित्रांचे पानं. पण दोन रात्रींत ही कादंबरी संपवली, आणि तिसऱ्या रात्री एक प्रसंग पुन्हा काढून वाचला. तेव्हा म्हटलं, यावर लिहायला हवं.

गोष्ट अशी. नीना रेडमंड ही बर्मिंगहॅमच्या एका ग्रंथालयातली कर्मचारी. तिशीला टेकलेली, लाजाळू, मीटिंगमध्ये खुर्चीत बुडून बसणारी. तिला एकच गोष्ट उत्तम येते. समोरच्या माणसाकडे बघून, दोन वाक्यं बोलून, याला आत्ता कुठलं पुस्तक हवंय हे ती ओळखते. ग्रंथालय बंद होतं. त्याच्या जागी सगळं काही स्क्रीनवर असणारं केंद्र होणार असतं आणि कर्मचाऱ्यांना आपल्याच नोकरीसाठी पुन्हा मुलाखत द्यायची वेळ येते. (आयटीतल्या वाचकांना इथे वेगळं काही समजावून सांगायची गरज नाही. टीम बिल्डिंगच्या नावाखालचा तो दिवस वाचताना मला माझी दोन जुनी ऑफिसं आठवली.) टाकून दिलेली पुस्तकं नीना घरी आणत राहते. जिन्यावर पुस्तकं, बाथरूमबाहेर पुस्तकं. घरात बरोबर राहणारी मैत्रीण सुरिंदर एक दिवस बजावते की वजनाने छत खाली यायच्या आत हे हलव.

मग एक जुनी व्हॅन विकाऊ असल्याची जाहिरात. ती आहे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, किरिनफीफ नावाच्या गावात. गाव काल्पनिक आहे. परिसर मात्र खरा, लॉख नेसच्या बाजूचा. एवढीशी मुलगी, तिला एवढी मोठी व्हॅन झेपणार नाही, म्हणून मालक विकायलाच तयार होत नाही. गावातल्या पबचा मालक आणि तिथे रोज बसणारे दोन म्हातारे तिची बाजू घेतात. कारण? गावातलं वाचनालय बंद झालेलं आहे आणि त्यांना वाचायला काही उरलेलं नाही. व्हॅन मिळते. मिळते आणि पहिल्याच रात्री रेल्वेच्या फाटकात, रुळांवर बंद पडते. समोरून मालगाडी. ती अगदी नाकाशी येऊन थांबते.

यातून पुढे काय होणार, हे अनुभवी वाचकाला पहिल्या पन्नास पानांतच कळतं. मालगाडीचा चालक मारेक हा लॅटव्हियाहून आलेला, हळवा, कविता आवडणारा. दुसरीकडे लेनक्स हा शेतकरी. त्याच्याच गोठ्याच्या नूतनीकरण केलेल्या सुंदर घरात नीना भाड्याने राहते. तो कमी बोलतो, बोलला तर चिडून बोलतो, घटस्फोटाच्या कोर्टकचेऱ्यांत अडकलेला. पार्स्ली नावाचा एक कुत्रा आहे. आता तुम्हीच सांगा नीना कुणाची होणार. बरोबर. अशा कादंबऱ्यांत कुत्रा ज्याचा, मुलगी त्याची.

शेवट माहीत असणं हा या प्रकाराचा दोष नव्हे. आरतीचा शेवटही आपल्याला माहीत असतोच. बघायचं असतं ते मधलं, आणि मधल्या भागात कोलगनबाई हुशार आहेत. मी तिसऱ्या रात्री पुन्हा वाचला तो प्रसंग प्रेमाचा नाहीच. मेंढ्यांच्या विण्याचा हंगाम आहे. एक मेंढी अडली आहे, पोटात जुळी आहेत. लेनक्सचे हात मोठे. आत जात नाहीत. तो नीनाला हाक मारतो, कारण तिचे हात लहान आहेत. जन्मभर पुस्तकांशिवाय कशाला हात न लावलेली मुलगी कोपरापर्यंत बाह्या सारते. व्हॅनच्या मालकाने ज्या लहानखुरेपणावरून तिला हिणवलं होतं, त्याचाच इथे उपयोग होतो. लेखिका हे बोलून दाखवत नाही. कोकरं बाहेर येतात, सगळे चहा पितात, प्रकरण पुढे जातं.

आणि इथेच मला ही कादंबरी काय करते ते कळलं. वरवर बघता यात एका मुलीला चांगला नवरा मिळतो. पण नीनाला लेनक्स मिळायच्या कितीतरी आधी गाव मिळतं. बर्मिंगहॅममध्ये जी माणूस फालतू ठरली होती, तिची या गावाला गरज असते. किराणा दुकानातली खवट बाई, जिला कुठलंच पुस्तक पसंत पडत नाही. एन्सली नावाची शाळकरी मुलगी, जी पैशासाठी काम मागते पण घरात काय चाललंय ते सांगत नाही. तिचा धाकटा भाऊ बेन, ज्याला वाचता येत नाही आणि जो व्हॅनच्या पायरीवर येऊन बसतो. या पोरांची आई आजारी आहे आणि ती दोघं ते गावापासून लपवून घर चालवतायत, हे हळूहळू उलगडतं. विनोदी प्रेमकथेच्या पोटात हा भाग आहे, आणि तो लेखिकेने हळवा न करता लिहिलाय. बेनला अक्षर लागतं त्या पानावर मला लेनक्सची आठवणसुद्धा नव्हती.

मारेकचं प्रकरण अधिक चांगलं आहे असं माझं मत. फाटकाजवळच्या झाडाला तो नीनासाठी पिशवी अडकवून ठेवतो, ती त्यात पुस्तक ठेवते, तो बदल्यात कविता. रात्री मालगाडी जाताना शिट्टी. आपल्या हिंदी सिनेमाने दोन गाणी सहज काढली असती. पण घरापासून खूप लांब, परक्या भाषेत काम करणारा तो माणूस एकटेपणाने काय करतोय, आणि नीना पुस्तकी डोळ्यांनी त्याच्यात काय बघतेय, यातलं अंतर कादंबरी नीट दाखवते. त्याची लॅटव्हियात जोडीदार आहे, मूल आहे. हे कळल्यावर त्याला खलनायक करणं सोपं होतं. लेखिका ते करत नाही. त्या मानाने लेनक्स बराचसा तयार साच्यातला वाटतो. डार्सीपासून चालत आलेला तोच अबोल, श्रीमंत, आतून मऊ. फरक एवढाच की याच्या बुटाला शेण आहे.

सुरिंदरबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. इंग्रजी पुस्तकात भारतीय वंशाची मैत्रीण आली की मी जरा सावध होतो. आता हिचे आईवडील लग्नाची स्थळं आणणार, साडी, समोसे, रडारड. इथे तसं काही नाही. सुरिंदर नोकरी करते, स्वतःच्या घरात राहते, मैत्रिणीला शिव्या घालते आणि गरज पडली की गाडीत बसून स्कॉटलंडला हजर होते. पुस्तकातले निम्मे हसू तिच्या वाट्याचे आहेत. पुढे कोलगननी याच गावावर आणखी दोन कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या २०१९ च्या 'द बुकशॉप ऑन द शोअर'मध्ये व्हॅन चालवायला येते ती झोई, आणि तिच्या चार वर्षांच्या, न बोलणाऱ्या मुलाचं नाव हरी. आजचं ब्रिटन या गावठी पुस्तकांत असं सहज येऊन बसलेलं असतं.

खोड काढायची तर हिशेबाची काढेन. नीनाचा सगळा माल फुकटातला, ग्रंथालयांनी काढून टाकलेला. म्हणजे विक्री हाच नफा. जागेचं भाडं नाममात्र. बर्मिंगहॅमची महापालिका व्हॅन उभी करायला परवानगी देत नाही, म्हणून ती पुस्तकांची खोकी मारेक आणि त्याचा सहकारी मालगाडीतून स्कॉटलंडला आणून देतात; वाहतूकही फुकट. हा माल संपल्यावर काय? हे बिझनेस मॉडेल आमच्या ऑफिसातल्या कुठल्याही मॅनेजरपुढे दोन मिनिटं टिकलं नसतं. पण जूनमध्ये रात्री दहानंतर मावळणाऱ्या सूर्याच्या उजेडात ती व्हॅनच्या पायरीवर वाचत बसते, तेव्हा जीएसटी विचारावासा वाटत नाही.

पाया मात्र काल्पनिक नाही. ब्रिटनमध्ये २०१० नंतरच्या काटकसरीत सहा वर्षांत तीनशेहून अधिक सार्वजनिक ग्रंथालयं बंद झाली. बर्मिंगहॅमचंच घ्या. तिथे सप्टेंबर २०१३ मध्ये जवळजवळ १९ कोटी पौंड खर्चून भव्य नवं ग्रंथालय उघडलं. उद्‌घाटनाला मलाला युसुफझाई होती. दोन वर्षं होतात न होतात तोच खर्च झेपेना म्हणून आठवड्याचे ७३ तास कापून ४० वर आणले आणि कर्मचारी कमी केले. इमारत राहिली, पुस्तक हातात देणारी माणसं गेली. हे वाचल्यावर कादंबरीतली नीना गोड स्वप्नाळू वाटायची थांबते.

आता जरा आपल्याकडे वळतो, कारण वाचताना एक गोष्ट सारखी टोचत होती. अशी कादंबरी मराठीत का सापडत नाही? गावावर हसत लिहिणारे आपल्याकडे पहिल्या प्रतीचे होऊन गेले. द. मा. मिरासदार, शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर हे तिघे तर गावोगाव कथाकथन करत हिंडले आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पण त्या गावांत हसायचं ते इरसाल माणसांवर. प्रेम हलकंफुलकं हवं असेल तर आपण शहराच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यात गेलो, ना. सी. फडक्यांकडे. गावातलं प्रेम आलं की पाठोपाठ कुऱ्हाड येते.

योगायोग बघा, ज्या २०१६ साली कोलगनचं हे पुस्तक आलं त्याच साली 'सैराट' आला. सोलापूर जिल्ह्यातलं गाव. तिथेही सगळे सगळ्यांना ओळखतात. किरिनफीफमध्ये सगळे ओळखतात म्हणून नीनाला घर मिळतं, व्हॅन मिळते, पबमध्ये जेवण मिळतं. 'सैराट'मध्ये सगळे ओळखतात म्हणून पळावं लागतं, आणि पळूनही सुटका होत नाही. कारण आपलं गाव ओळख विचारतं ती आडनावापासून. किरिनफीफमध्ये नीनाला तिचं कूळ कुणी विचारत नाही. लेखिकेला हलकं लिहिता आलं त्यामागे हे मोठं कारण आहे, निदान मला तरी तसं वाटतं. मराठी लेखकाला गावात हलकीफुलकी प्रेमकथा घडवायची, तर आधी दोघांना एकाच जातीत घालावं लागेल, नाहीतर जात हा शब्दच गाळावा लागेल. पहिलं लिहिलं तर गोष्ट खुजी होते, दुसरं लिहिलं तर खोटी.

त्यातून आमच्यासारख्यांची गोष्ट वेगळी. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद इथल्या जुन्या मराठी घरांना बहुतेक गावच नसतं. गाव म्हणजे कुलदैवताला जाताना वाटेत लागणारं, आणि आडनावाच्या शेवटी 'कर' होऊन चिकटलेलं. आमचं खरं गाव म्हणजे मंडळ. तिथे सगळे ओळखतात. मी दहावीला किती मार्क पाडले, माझं लग्न किती उशिरा झालं, कुणाच्या मुलीने कुणाशी केलं, सगळं पाठ. लहानपणी मला त्याचा राग यायचा. अजूनही हळदीकुंकवाच्या दिवशी मी बायकोला गेटवर सोडून गाडी लांब लावतो. ही कादंबरी वाचताना पहिल्यांदा मनात आलं, की हे सगळं माहीत असलेल्या माणसांना माझा काही उपयोगही असू शकतो.

आणि व्हॅनचं म्हणाल, तर ती कल्पना आमच्या गावची आहे! सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग म्हणून आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, हे आपण शाळेत शिकलोय. पण शिकलेलं मूल शाळा सुटल्यावर वाचणार काय? अमेरिकेत महाराजांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं, आपला हजारो पुस्तकांचा खासगी संग्रह लोकांसाठी खुला केला आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. जिथे ग्रंथालय नाही अशा गावांसाठी फिरती ग्रंथालयं होती. म्हणजे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या. पेटी गावात यायची, ठराविक मुदत राहायची, मग परत जाऊन दुसरी यायची. वाहतुकीचा खर्च संस्थानाचा. बोर्डननंतर हे काम सांभाळणाऱ्यांत जनार्दन सखाराम कुडाळकर हे मराठी गृहस्थ होते. त्यांनी १९१९ मध्ये या चळवळीवर इंग्रजीत पुस्तकच लिहिलं. पेट्यांत पुस्तकं अर्थात बहुतेक गुजराती, कारण गावं गुजराती. मराठी राजाने गुजराती शेतकऱ्याच्या दारात गुजराती पुस्तक नेऊन ठेवलं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीसमोरून मी कॉलेजची चार वर्षं गेलो आलो, आत गेलो ते फक्त थंड वाटतं म्हणून.

तर आजीच्या पुस्तकांचं काय झालं. आधी मी चुकीची गोष्ट केली. गणेशोत्सवात मंडळाच्या हॉलबाहेर एक टेबल मांडलं, साठ पुस्तकं रचली आणि प्रिंटआउट लावली: 'मोफत. हवं ते घेऊन जा.' संध्याकाळी आरतीनंतर मोजली तर पंचाहत्तर! चार पुस्तकं गेली होती, त्यातलं एक 'रुचिरा', आणि एकोणीस नवी आली होती. लोकांनी आपापली कपाटं माझ्या टेबलावर रिकामी केली होती. एका काकूंनी तर जाताना सांगितलं, "बरं झालं बाई कुणीतरी सोय केली."

नीना टेबल मांडत नाही. ती विचारते. मग मीही तसं सुरू केलं, एकेकाला, न घाबरवता. पहिला प्रयोग बालमित्रावर. त्याला म्हटलं, तुला इतिहास आवडतो ना, हे घे. सहाशे पानांची ऐतिहासिक कादंबरी. महिन्याने त्याच्याकडे गेलो तर ती मॉनिटरखाली. "उंची एकदम परफेक्ट झाली रे," तो म्हणाला. मानदुखीही थांबली म्हणे. हाही उपयोगच.

दुसरी, मंडळातल्या एका आजींची नात. दहावीपर्यंत गुजराती शाळा, आता फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. मराठी बोलते छान. देवनागरी हिंदीमुळे येते, पण मराठी वाचायची वेळ आली नाही कधी. मी विचारलं, शेवटचं काय वाचून हसलीस? ती म्हणाली, वाचून? रील बघून हसते मी. मग शीट उघडली, 'ठीक' अवस्थेतली पुस्तकं गाळून घेतली आणि मिरासदारांचा 'माझ्या बापाची पेंड' हा कथासंग्रह दिला. लहान लहान गोष्टी, एका बैठकीत एक. अट एकच: आवडलं नाही तर सोडून द्यायचं आणि मला खरं सांगायचं.

तीन आठवडे काही नाही. मी मनातल्या मनात तिच्याही मॉनिटरची उंची मोजली. मग एका रात्री तिची व्हॉइस नोट आली. आजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, टीव्ही बंद, मोबाईल बंद. म्हणून ही त्यांना मोठ्याने वाचून दाखवत होती. अडखळत, एकेक जोडाक्षर फोडत. मागे आजींचा आवाज येत होता, "'घ' नव्हे गं, 'ध', 'ध'!" गोष्टीतला विनोद अजून यायचा होता आणि आजी आधीच हसायला लागल्या होत्या. नात वैतागून म्हणत होती, "आजी थांब ना, मला वाचू तर दे!" नोट एक मिनिट चाळीस सेकंदांची. मी ती हैदराबादला पाठवून दिली. बहिणीचं उत्तर आलं: "लेनक्स कुठेय यात?" मी लिहिलं, त्याच्याशिवायच बरं चाललंय.

दुसऱ्या दिवशी नातीचा मेसेज. काका, असंच अजून आहे का, पण या वेळी प्रेमाचं हवं, आणि शेवटी कुणी मरायला नको.

मी शीट वरपासून खालपर्यंत तीनदा चाळली. ४१२ पुस्तकांत गावातलं, प्रेमाचं, हसरं आणि शेवटी सगळे जिवंत असलेलं एकही मला सापडलं नाही. कुणाला माहीत असेल तर खरंच कळवा. तोवर तिला कोलगनची नीना इंग्रजीत पाठवली आहे. फाटकाचा प्रसंग तिला आवडला, मेंढीचा "ईऽऽऽ" वाटला.

शीटला आता 'कुणाला' असा नवा रकाना आहे. सदतीस घरं भरली. वाळवीची बावीस पस्तीत द्यावी लागली, त्याला इलाज नव्हता. आजीचं दोनातलं एक कपाट माझ्या फ्लॅटमध्ये उभं आहे, आणि कुणी भेटलं तर हाताशी असावीत म्हणून चाळीसेक पुस्तकं गाडीच्या डिकीत असतात. परवा गाडी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा मेकॅनिकने डिकी उघडली, जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "साहेब, आ शुं? दुकान छे?"

मी म्हटलं, "छे." मराठीतलं की गुजरातीतलं, हे त्याने विचारलं नाही.